याचनेचे गीत आणि मदतीचा प्रयोग

लोकगीतांच्या अभ्यासात चाल, छंद, पाठभेद आणि विधी यांची चर्चा आपल्याकडे बरीच झाली आहे. त्या मानाने गीताच्या ज्या भागात गायक उघडपणे हात पुढे करतो, त्या भागाकडे समीक्षेचे लक्ष कमी गेले. संग्राहक गीत उतरवून घेतो. मागणे ही व्यवहाराची गोष्ट मानून ती वहीबाहेर ठेवतो. परभणी जिल्ह्यासारख्या भागात, जेथे वासुदेव, गोंधळी, आराधी, पोतराज, पांगुळ अशा मागत्या गायकांची वहिवाट दीर्घकाळ चालत आली, तेथील सामग्री हाताळताना ही वगळणूक विशेष खटकते. प्रस्तुत लेखाचा विषय हा वगळला गेलेला भाग आहे. त्याच्या शेजारी आजच्या काळातील एक निराळा प्रकार ठेवून पाहण्याचा विचार आहे. लोकसंगीताचा जाहीर कार्यक्रम योजावयाचा, तिकिटे वा देणग्या यांतून पैसा उभारावयाचा आणि तो एखाद्या रुग्णालयाला, वसतिगृहाला किंवा दुष्काळग्रस्तांना द्यावयाचा, हा तो प्रकार होय. दोन्हीकडे गाणे आहे व दोन्हीकडे दान आहे. परंतु गाण्याचे दानाशी असलेले नाते दोन्हीकडे एकच आहे काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

प्रारंभ वासुदेवापासून करणे सोयीचे. डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, अंगात घोळदार झगा, एका हातात टाळ व दुसऱ्या हातात चिपळ्या, पायांत घुंगरू, कमरेला पावा आणि काखेत झोळी, असे त्याचे रूप सर्वांच्या परिचयाचे आहे. तो पहाटे येतो. त्याच्या गीताचे दोन भाग पडतात. पहिल्यात तो हरिनामाचे महत्त्व सांगतो, झोपलेल्यांना जागवितो, कृष्णकथेतील एखादा प्रसंग गातो. हा भाग संग्रहांतून भरपूर सापडतो. दुसरा भाग सुपातील धान्य झोळीत पडल्यावर सुरू होतो. दान मिळाले की तो ते 'पावल्या'ची वर्दी देतो. आणि ही वर्दी दात्याला देऊन तो थांबत नाही. पंढरपूरचा विठोबा, जेजुरीचा खंडोबा, तुळजापूरची भवानी, आळंदीचे ज्ञानोबा, देहूचे तुकोबा अशी स्थळांसह देवांची व संतांची नावे घेत तो ते दान एकेका ठिकाणी पोहोचवितो. मग दात्याच्या घरातील मंडळींची, क्वचित मागील पिढीतील कर्त्या पुरुषाचीही नावे येतात. शेवटी तो स्वतःभोवती गिरकी घेतो, पावा वाजवितो आणि पुढल्या दारी जातो.

काव्यदृष्ट्या हा दुसरा भाग पहिल्याहून सरस आहे, असे माझे मत आहे. पहिल्या भागातील उपदेश कोणाही प्रवचनकाराच्या तोंडी शोभेल. दुसऱ्या भागात मात्र कल्पनेची एक झेप आहे: ओंजळभर ज्वारी झोळीत पडते न पडते तोच ती भीमेच्या काठी आणि जेजुरीच्या गडावर जाऊन पोहोचलेली असते. दाता आपल्या उंबरठ्यावरच उभा आहे. पण त्याचे नाव महाराष्ट्राच्या तीर्थांची परिक्रमा करून आले आहे. ज्या स्त्रीला आयुष्यात गंगाखेडच्या घाटापलीकडे जाण्याचा योग येणे कठीण, तिच्या वतीने ही यात्रा झाली. ज्याला आपण 'याचना' म्हणतो तिच्यात देण्याचाच अंश अधिक, असा हा प्रकार आहे.

येथे 'पावणे' या क्रियापदाकडे अभ्यासकांनी लक्ष द्यावे. संस्कृत 'प्राप्'पासून आलेल्या या शब्दाला मराठीत एक विलक्षण दुहेरी वळण लागले. माल पावतो, पत्र पावते, म्हणजे ते योग्य ठिकाणी पोहोचते. आणि देव पावतो, नवसाला पावतो, म्हणजे तो प्रसन्न होतो. दिलेले पोहोचणे आणि घेणारा प्रसन्न होणे या दोन क्रिया मराठी भाषेने एकाच धातूत बांधल्या. व्यापारी पेढीवरची 'पावती'ही याच घरची. या अर्थाने पाहता वासुदेवाचे गीत हीच त्या दानाची पावती होय. कागद नाही, सही नाही. नाव घेऊन उच्चारलेला शब्द आहे, आणि तो साऱ्या आळीने ऐकलेला असल्यामुळे त्याला साक्षही आहे.

ही पावती ज्या वेळी दिली जाते, ती वेळही अर्थपूर्ण आहे. पहाटे घरात जाते फिरत असते आणि जात्यावर ओवी चाललेली असते. परभणी जिल्ह्यात ओवीचे नाव निघाले की गंगाखेडच्या जनाबाईचे स्मरण अपरिहार्य. नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबणाऱ्या या संतकवयित्रीने दळणकांडणाला मराठी काव्यात कायमचे स्थान दिले. जात्यावरची ओवी कोणाजवळ काही मागत नाही. ती श्रमाला लागून येते, आणि ऐकणारे कोणी नसले तरी तिचे काही अडत नाही. त्याच घटकेस दाराबाहेर वासुदेवाचे गीत चालू असते; त्याला मात्र ऐकणारा लागतो, इतकेच नव्हे, देणारा लागतो. आत दळणारी बाई जाते थांबवून सूप घेऊन बाहेर येते तेव्हा ही दोन गीते उंबरठ्यावर भेटतात. मराठवाड्यातील लोकगीतांची वर्गवारी करताना आपण 'श्रमगीते' आणि 'भिक्षेकऱ्यांची गीते' असे दोन वेगळे कप्पे करतो. वर्गवारीची सोय म्हणून ते ठीक आहे. पण झोळीत पडणारे धान्य पहिल्या गीताच्या श्रमातले असते, हा धागा त्या कप्प्यांमुळे तुटतो.

गोंधळात मागण्याची जागा निराळी आहे. लग्नकार्यानंतर किंवा नवस फेडण्यासाठी यजमान गोंधळ्यांना बोलावितो. चौक भरला जातो, कलश मांडला जातो, दिवटी पेटते. संबळ, तुणतुणे आणि झांज यांच्या साथीने नायक पूर्वरंगात गणाला नमन करून गावोगावच्या देवतांना गोंधळाला येण्याचे आवाहन करतो. उत्तररंगात आख्यान लावतो. रेणुराई व कदमराई या गोंधळ्यांच्या दोन शाखा, काकड्या व संबळ्या हे गोंधळाचे दोन प्रकार, बोटांच्या खुणांनी अक्षरे सांगण्याची करपल्लवी ही विद्या, या गोष्टी जाणकारांना ठाऊक आहेत. परभणीचे गोंधळी राजारामभाऊ कदम यांच्या नावामुळे या जिल्ह्याचा गोंधळ लोककलेच्या अभ्यासकांत सर्वत्र परिचित झाला. या विधीत दान रात्रभर थोडेथोडे होत राहते. दिवटीत तेल घालणे हे त्यातील सर्वांत बोलके दान. जे तेल घातले जाते ते तेथेच जळते, आणि त्याच उजेडात पुढचे आख्यान चालते. प्रेक्षकाने दिलेल्या वस्तूवर प्रयोगाचे अस्तित्व इतक्या प्रत्यक्षपणे अवलंबून असल्याचे दुसरे उदाहरण मला आढळले नाही. नायक दात्याचे नाव घेऊन देवीजवळ त्याचे क्षेम मागतो, ते आख्यानाच्या मध्येच. कथेतील राजा क्षणभर थांबतो, यजमानाचा मामा दिवटीत तेल घालतो, त्याचे नाव पुकारले जाते आणि राजा पुन्हा चालू लागतो. नाट्यशास्त्राच्या कठोर नियमाने हा रसभंग ठरेल. गोंधळात तो रसाचाच भाग आहे.

असाच एक धागा परभणी शहरात दरवर्षी फेब्रुवारीत भरणाऱ्या सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उरुसाकडे पाहताना हाती लागतो. कव्वालीच्या पारंपरिक मैफलीत नजराणा थेट गायकाच्या हाती दिला जात नाही. तो आधी मैफलीतील वडीलधाऱ्या सज्जादानशीनापुढे ठेवला जातो आणि त्याच्या हातून कव्वालाकडे जातो, असा सूफी परंपरेचा सर्वसाधारण शिरस्ता आहे. दान कोणामार्फत 'पावावे' याची चिंता तेथेही आहे. या साम्यावरून उसनवारीचा सिद्धांत मांडण्याची घाई मात्र कोणी करू नये.

मागण्याच्या या भागाचे वाङ्मयीन सामर्थ्य मराठीत सर्वप्रथम ओळखले ते संतांनी. ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, तुकाराम यांच्या नावावर वासुदेवाची रूपके आहेत. एकनाथांच्या भारुडांत तर वासुदेव, पांगुळ, जोशी, गोंधळ, जोगवा असा मागत्यांचा सगळा मेळाच जमला आहे. गोदेच्या वरच्या अंगाला, पैठणात बसून एकनाथांनी जे केले ते आजच्या आयोजकांनी नीट अभ्यासण्यासारखे आहे. त्यांनी मागणे काढून टाकले नाही. मागण्याची वस्तू बदलली. जोगव्यात परडी तशीच पुढे येते. तिच्यात पडावयाचे ते पीठ-मीठ नसून बोध आणि विवेक असतो. रूपक उभे राहते ते मागण्याच्या मूळ आकृतीवर. ती आकृती बाजूला सारली तर भारूडात उरेल तो केवळ वेदान्त, आणि वेदान्त सांगण्यास एकनाथांजवळ इतर ग्रंथ होते.

आता दुसऱ्या प्रकाराकडे वळू. कला सादर करून तिचे उत्पन्न लोककार्यास देण्याची आधुनिक प्रथा मराठी माणसाला नाटक मंडळ्यांनी परिचित करून दिली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत गंधर्व नाटक मंडळी व ललितकलादर्श यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी केलेला 'संयुक्त मानापमान' हा तिचा सर्वांत गाजलेला प्रयोग. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसले यांचा धैर्यधर एकाच रंगमंचावर आले, हे त्याचे आकर्षण. त्यानंतर तीनच महिन्यांनी केशवराव निवर्तल्यामुळे त्या आठवणीला आणखी धार आली. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, नाटकाच्या संहितेत त्या प्रयोगासाठी काहीही बदलण्याची आवश्यकता नव्हती. खाडिलकरांचे नाटक जसे होते तसेच झाले. पैसा कोठे जाणार हे तिकीटविक्रीने ठरविले. (धनापेक्षा पराक्रम मोठा असे सांगणाऱ्या नाटकाने धन गोळा करावे, यात थोडी गंमत आहे खरी.) मदतीच्या प्रयोगाचे हे मूळ लक्षण: कला आपल्या ठिकाणी पूर्ण, आणि दान तिच्या बाहेर.

या लक्षणाला कायद्यानेही पाठबळ दिले. मुंबई इलाख्याच्या १९२३ च्या करमणूक कर कायद्यात, ज्या खेळाचे सर्व उत्पन्न धर्मादाय कार्यास जाते त्यास करमाफीची तरतूद होती. पुढे २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर या कराची जुनी घडी मोडली. पण दरम्यानच्या दीर्घ काळात 'मदतीसाठी प्रयोग' ही जाहिरातीतील ओळ जशी सद्भावाची होती तशीच ती हिशेबाचीही होती. आता याच्या शेजारी त्याच राज्याचा १९५९ चा भीक मागण्यास प्रतिबंध करणारा कायदा ठेवावा. सार्वजनिक जागी भिक्षा मागणे किंवा स्वीकारणे, मग ते गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, कसरती करणे अशा बहाण्याने असो वा नसो, ही 'भीक मागण्या'ची तेथील व्याख्या आहे. अधिकृत परवानगीने केलेली वर्गणी मात्र तिच्यातून वगळली आहे. (दिल्लीस लागू केलेल्या याच कायद्यातील शिक्षेची मुख्य कलमे तेथील उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द ठरविली, तो निर्णय दिल्लीपुरता होता.)

साहित्याच्या अभ्यासकाने कायद्याच्या पुस्तकातून एखादा शब्द क्वचितच उचलावा. परंतु 'बहाणा' हा शब्द उचलण्यासारखा आहे. गाणे हा भिक्षेचा बहाणा आहे, ही एक पूर्ण सौंदर्यमीमांसा आहे, आणि ती चुकीची आहे. वासुदेवाच्या बाबतीत गाणे बाजूला काढले तर केवळ भिक्षा उरते हे खरे. पण भिक्षा बाजूला काढली तर गाण्याचा उत्तम भागही उरत नाही, हे तितकेच खरे आहे. दोन्ही कायदे एकत्र वाचले म्हणजे एक विचित्र निष्कर्ष निघतो. तेच गीत, तोच टाळ, तोच गायक. तो स्वतःसाठी मागू लागला तर गुन्हेगार ठरू शकतो, आणि त्याच्या गाण्यावर दुसऱ्या कोणी तिसऱ्यासाठी पैसा उभा केला तर तो खेळ करमुक्तीस पात्र. पहिल्या प्रकारात त्याची गरज उघड आहे म्हणून ती लाजिरवाणी. दुसऱ्यात ती अदृश्य आहे म्हणून सर्व काही सुसंस्कृत.

रंगमंचावर या गीतांचे काय होते ते आता सांगता येईल. महोत्सवातील वासुदेव दहा मिनिटांत येतो आणि जातो. पहिला भाग शाबूत असतो, कारण त्यात भक्ती आहे आणि ठेका आहे. दुसऱ्या भागातील तीर्थांची नावे कधी राहतात, पण ती कोणाच्याही नावाला जोडलेली नसतात. दान झालेलेच नसते, मग पावणार काय? गिरकी मात्र राहते, किंबहुना एकाच्या चार होतात, कारण टाळ्या तेथे पडतात. गोंधळाची गत अधिक वाईट. दिवटी पेटते, पण तिच्यात तेल घालावयास कोणी येत नाही. ते आयोजकांनी आधीच घातलेले असते किंवा प्रकाशयोजनेच्या मदतीने दिवटीचा उजेड अनावश्यक ठरलेला असतो. आख्यानाच्या मध्ये राजाला थांबविणारा मामा प्रेक्षागृहात बाराव्या रांगेत बसला आहे. कार्यक्रमाच्या शेवटी निधीचा मोठा धनादेश व्यासपीठावर दिला जातो आणि देणगीदारांची नावे निवेदक कागदावरून वाचतो. नावे घेण्याची क्रिया तीच आहे. केवळ ती कवितेतून बाहेर काढून सूत्रसंचालनात नेली आहे. पावती आता छापील असते आणि तिला क्रमांक असतो.

याचा अर्थ मदतीचे प्रयोग निंद्य आहेत, असा कोणी काढू नये. दाराशी येणाऱ्या गायकाबद्दल हळवे होणे नागर अभ्यासकाला फार सोपे जाते, आणि त्या हळवेपणावर त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' हा १९१५ चा ग्रंथ चांगला उतारा आहे. फिरस्त्यांविषयी लिहिताना आत्रे यांनी बाजू घेतली ती देणाऱ्या कुणब्याची. खळ्यावर एकामागून एक येणारे हात आणि त्यांत रिकामे होणारे सूप त्यांना दिसले. त्यांची भाषा काही ठिकाणी कठोर आहे, आणि मागण्यावर जगणे ज्यांच्या कपाळी व्यवस्थेनेच लिहिले त्यांच्याबद्दल ती न्याय्यही नाही. परंतु दानाचा भार कोणाच्या पाठीवर पडतो हा त्यांचा प्रश्न खोटा म्हणता येत नाही. शिवाय मागण्याचा हा अधिकार जातीने दिलेला होता, त्याबरोबर जातीची पायरीही दिलेली होती. पोतराजाने स्वतःच्या अंगावर आसूड ओढून घ्यावा आणि ते पाहून बायांनी पदराचा पैसा टाकावा, यातील 'पावण्या'ची महती गाण्यास माझी लेखणी धजत नाही. पोतराजाचा मुलगा शाळेत जाऊन आसूड टाकून देतो तेव्हा लोकसाहित्याची एक शाखा वाळते, आणि ती वाळलेली बरी.

गाण्याचा पैसा कोणाच्या श्रमातून येतो हा प्रश्न मराठीत सर्वांत धारदारपणे विचारला गेला तो महाडच्या सत्याग्रहाच्या काळात. पठ्ठे बापूराव यांनी आपल्या तमाशाच्या खेळांचे उत्पन्न त्या कार्यास देऊ केले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते नाकारले, हा प्रसंग तमाशा व जलशांच्या अभ्यासकांनी नोंदविला आहे. बापूराव जन्माने ब्राह्मण, त्यांच्या फडाची कीर्ती पवळेमुळे. अस्पृश्य स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा अस्पृश्यांच्या मानवी हक्काच्या लढ्यास नको, अशी ती भूमिका होती. मदतीच्या प्रयोगांवरील हे सर्वांत मूलगामी समीक्षावचन मानावयास हरकत नाही. बापूरावांच्या हेतूवर येथे शंका घेण्याचे कारण नाही. नकार दिला गेला तो प्रयोगाच्या घडणीला: रंगमंचावर ज्याचा अवमान होतो आणि ज्याच्यासाठी निधी जमतो तो एकच समाज असेल, तर तो पैसा पावत नाही. पुढे आंबेडकरी जलशांनी गण-गौळण-वग या जुन्या आकृतीतून शृंगार व स्त्रीनृत्य काढून टाकले व तिच्यात नवा आशय भरला, त्यामागे हीच जाणीव होती. एकनाथांनी मागण्याची वस्तू बदलली. जलसाकारांनी मागणाऱ्याची मान वर केली.

गाडगेबाबांचे उदाहरण या सर्वांहून निराळे आहे, आणि कीर्तनाच्या आकृतिबंधाच्या दृष्टीने त्याची चिकित्सा अद्याप पुरेशी झालेली नाही. विदर्भात १८७६ मध्ये जन्मलेल्या व २० डिसेंबर १९५६ रोजी निवर्तलेल्या या माणसाने कीर्तनाच्या बळावर नाशिक, पंढरपूर, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. स्वतःसाठी त्यांनी घेतले ते फुटक्या मडक्यात पडलेला भाकरतुकडा, तोही खराटा चालविल्यावर. त्यांच्या कीर्तनात पूर्वरंगही नाही आणि आख्यानही नाही. प्रश्न आहेत. ते समुदायाला विचारतात, समुदाय उत्तर देतो; त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघतो; आणि या साखळीच्या शेवटी श्रोत्याच्या लक्षात येते की, बकऱ्यावर किंवा कर्ज काढून केलेल्या जेवणावळीवर आपण जो पैसा घालवितो तो मुलाच्या शिक्षणास लागला असता. म्हणजे मागणे येथेही गाण्याच्या बाहेर नाही. मात्र ते श्रोत्याला त्याच्याच हितासाठी केलेले मागणे आहे. वासुदेव दान घेऊन देवाकडे पोहोचवितो. गाडगेबाबा ते दात्याच्या घरी परत पाठवितात. त्यांची बोली वऱ्हाडी असली तरी प्रश्नोत्तरांची ही लय मराठवाड्याच्या श्रोत्याला परकी वाटण्याचे कारण नव्हते.

परदेशातील एक उदाहरण येथे उपयोगी पडेल, कारण ते शेतकऱ्यांचे आहे. अमेरिकेच्या ग्रामीण भागातून 'कंट्री' या नावाने ओळखले जाणारे जे संगीत निघाले, त्याच्या गायकांनी २२ सप्टेंबर १९८५ रोजी इलिनॉय राज्यातील शॅम्पेन येथे 'फार्म एड' हा महोत्सव भरविला. त्याच वर्षी १३ जुलैला आफ्रिकेतील दुष्काळासाठी झालेल्या 'लाइव्ह एड'मध्ये बॉब डिलन यांनी, यातील थोडा पैसा आपल्याकडील शेतकऱ्यांच्या गहाण जमिनी सोडविण्यास लागला तर बरे, अशा आशयाचे उद्गार काढले. त्यांतून विली नेल्सन, नील यंग व जॉन मेलनकँप यांनी हे कार्य उभारले. सुमारे ८० हजार श्रोते आले, ७० लाखांहून अधिक डॉलर जमले आणि महोत्सवाची परंपरा तेव्हापासून चालू राहिली. १९८७ मध्ये नेल्सन व मेलनकँप शेतकऱ्यांसह अमेरिकन काँग्रेसपुढे साक्षीस गेले. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे ते जमलेल्या रकमेचा आकडा नव्हे. मेलनकँप यांचे 'रेन ऑन द स्केअरक्रो' हे १९८५ चे गीत कर्जापायी पिढीजात शेत गमावणाऱ्या माणसाच्या तोंडचे आहे. ज्याच्यासाठी पैसा जमावयाचा, तो गीताच्या आत बोलत होता. मदतीच्या प्रयोगात दान कलेच्या बाहेर पडते असे वर म्हटले, त्याला हा अपवाद आहे. तो अपुराही आहे, कारण त्या गीतात शेतकरी आपले दुःख सांगतो, पण देणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही. ८० हजारांच्या गर्दीत ते शक्यही नाही.

मराठवाड्याला हे उदाहरण लागू करताना घाई करणे योग्य नव्हे. या प्रदेशाने १९७२ चा दुष्काळ पाहिला, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप शेजारी पाहिला, आणि गेल्या दोन-तीन दशकांत शेतकऱ्यांच्या आत्महत्या पाहिल्या. नाना पाटेकर व मकरंद अनासपुरे यांनी २०१५ मध्ये 'नाम' ही संस्था उभारली तेव्हा मदतीचा ओघ प्रामुख्याने कलावंतांच्या लौकिकामुळे आला. गीताला तेथे वाव नव्हता आणि त्यात वावगेही काही नाही. परंतु लोकसंगीताचाच महोत्सव शेतकऱ्यांसाठी भरवावयाचा असेल, तर आयोजकांपुढे एक साधी अडचण उभी राहते. गोंधळी आणि वासुदेव ज्याच्या खळ्यावर जगले तो शेतकरीच आता मदतीस पात्र ठरला आहे. दाता याचकाच्या जागी आला. मग रंगमंचावरील वासुदेवाने दान कोणाकडून घ्यावे आणि कोणाला पावते करावे? हा प्रश्न निवेदकाच्या भाषणाने सुटण्यासारखा नाही. तो गीताच्या दुसऱ्या भागातच सुटला तर सुटेल, आणि तोच भाग आपण कापून टाकला आहे.

पिकांच्या फेरपालटाचा परिणामही येथे नोंदला पाहिजे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ज्वारीच्या 'परभणी मोती'सारख्या जाती दिल्या तरी जिल्ह्यातील शेताचा मोठा भाग आज सोयाबीन आणि कापूस यांच्याखाली असतो. ज्वारी सुपातून झोळीत जाऊ शकते. सोयाबीन किंवा कापूस भिक्षेत कोण घालणार? ते थेट आडतीवर जातात आणि त्यांची पावती आडत्या देतो. दाराशी येणाऱ्याला मग नाणे किंवा नोट मिळते. धान्य पावल्याची वर्दी नोटेला देता येते खरी, पण तुळजापूरच्या देवीकडे दहा रुपयांची नोट पोहोचविताना गायकाचाच आवाज थोडा खाली येतो, असे ज्यांनी ऐकले आहे त्यांना मी काय म्हणतो ते समजेल.

यातून संशोधनाच्या पद्धतीविषयी एकदोन गोष्टी निघतात, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी त्यांचा विचार करावा. जिल्ह्यातील मागत्या गायकांची गीते ध्वनिमुद्रित करताना दान प्रत्यक्ष व्हावे, आणि ते संशोधकानेच करावे असे नाही. घरातील बाईने नेहमीप्रमाणे करावे, मुद्रण चालू असावे, आणि नंतरच्या नावांची यादी गीताचा भाग म्हणून उतरवावी. कोणत्या तीर्थांची नावे परभणीत येतात आणि कोणती येत नाहीत, गंगाखेड त्यांत केव्हा येते, माहूर व औंढ्या नागनाथ यांचा क्रम कोठे लागतो, हे एका गायकाच्या एका फेरीत बदलत असेल तर का बदलते, यावर एक चांगला प्रबंध होईल. दात्यांच्या नावांच्या बाबतीत मात्र खाजगीपणाची काळजी घ्यावी लागेल. गायकाला मानधन द्यावे. पण ते दान म्हणून देऊ नये आणि दानाच्या वेळी देऊ नये, अन्यथा पावती संशोधकाच्याच नावाने फाडली जाईल.

महोत्सवांच्या आयोजकांसाठीही एक प्रयोग सुचविण्यासारखा आहे. निधीचा पहिला हिस्सा व्यासपीठावरील गायकांना द्यावा, ही मागणी अनेकांनी केली आहे आणि ती योग्यच आहे. त्याखेरीज देणगीदारांची यादी निवेदकाच्या हाती न देता गोंधळाच्या नायकाच्या हाती द्यावी. यादी लांब असेल, आख्यान रखडेल, पुढच्या रांगेतील पाहुणे घड्याळाकडे पाहतील. नायकाला ते नवे नाही. रात्रभराच्या गोंधळात त्याने राजाला याहून अधिक वेळ ताटकळत ठेवलेले आहे.